हॅझर्ड आणि रिस्क, दोन्हींना 'धोका' म्हणणं थांबवूया

इंग्रजीत 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी बातमीत दोन्हींचा 'धोका' होतो आणि माणसं विनाकारण घाबरतात, नाहीतर घाबरायला हवं तिथे निर्धास्त राहतात. मला हे मनापासून खटकतं.

हॅझर्ड म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अंगी अपाय करण्याची ताकद असणं. ती गोष्ट आपल्या वाट्याला किती आणि किती काळ येते, हे धरून अपाय होण्याची जी शक्यता उरते ती रिस्क. पिंजऱ्यातला वाघ हॅझर्ड आहेच, पण दार बंद आहे तोवर रिस्क जवळपास नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था (फ्रान्समधल्या लिऑनची) पदार्थांचे गट पाडते, ते हॅझर्डचे. २०१५ मध्ये तिने प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेजसारखं) गट १ मध्ये टाकलं. तंबाखूही त्याच गटात. लगेच 'सॉसेज सिगारेटइतकंच घातक' असे मथळे झळकले. खरं तर गट १ एवढंच सांगतो की कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा भक्कम आहे. किती जणांना होतो, हे तो सांगतच नाही. त्या वेळी संस्थेनेच दिलेले अंदाज बघा: जगभरात तंबाखूच्या धूम्रपानामुळे कर्करोगाने वर्षाला सुमारे १० लाख मृत्यू, प्रक्रिया केलेलं मांस जास्त असलेल्या आहारामुळे सुमारे ३४,०००. गट एकच, पण रिस्कमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. सूर्यप्रकाशही गट १ मध्येच आहे!

२०२३ मध्ये साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या ॲस्पार्टेम या कृत्रिम गोड पदार्थाचं तेच झालं. या संस्थेने त्याला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटलं, आणि अन्नातल्या रसायनांची रिस्क मोजणाऱ्या तज्ज्ञ समितीने त्याच दिवशी रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम अशी होती तीच ठेवली. अनेकांना यात विसंगती दिसली. पण दोघांसमोरचे प्रश्नच वेगळे होते.

याचा अर्थ हॅझर्डची यादी बिनकामाची, असा मात्र कुणी काढू नये. ॲस्बेस्टॉसची धूळ वर्षानुवर्षं श्वासावाटे घेणाऱ्या कामगाराची रिस्क खरीखुरी आणि मोठी असते. हॅझर्ड वेळीच ओळखला तरच त्या कामगाराचं संरक्षण करता येतं.

विमा आणि गुंतवणुकीच्या संदर्भात 'जोखीम' हा शब्द आपण अगदी अचूक वापरतो. रिस्कसाठी तोच आरोग्याच्या बातम्यांतही वापरावा, आणि हॅझर्डला 'अपायक्षमता' म्हणावं. पत्रकार मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे: मथळ्यात 'धोका' लिहिण्याआधी, किती प्रमाणात आणि किती काळ, हे बातमीत आलंय का ते एकदा तपासा.