आपले विनीत, निमंत्रक आणि व्यवस्थापक

आमच्या घरात लग्न ठरलं की पहिलं काम मुहूर्त बघायचं नसतंय, पहिलं काम असतंय मागच्या लग्नाचं पोस्टमॉर्टम. मोठ्या दादाच्या लग्नात जिलेबी संपली, आणि संपली ती पण नेमकी वहिनीच्या मामांच्या पंगतीला, त्यामुळं पुढं ताईच्या लग्नात जिलेबी एवढी केली की नंतर आठवडाभर गल्लीत कुणी आमच्या घरचा डबा बघितला की दार लावून घ्यायचं. ताईच्या लग्नात सगळ्यांचं लक्ष जिलेबीवर, मग फेटे कमी पडले. म्हणून आतेभावाच्या लग्नात फेटे ढीगभर आणले, टेम्पोच्या ड्रायव्हरला आणि जनरेटरवाल्याला पण बांधले, पण भटजींना आणायला गाडी पाठवायची राहिली. थोडक्यात काय, आमच्यात प्रत्येक लग्न म्हणजे मागच्या लग्नाची दुरुस्ती, आणि त्यातनं जी नवीन मोडतोड होते ती पुढच्याच्या नशिबाला.

यंदा नंबर होता धाकट्या चुलत बहिणीचा. मुलगा साताऱ्याचा, माणसं चांगली, सुपारी फुटली, कंदी पेढे वाटून झाले आणि त्याच संध्याकाळी आत्यानं जाहीर केलं की सगळ्या याद्या आणि फोन मी करायचे, कारण मी घरीच असते. आता मी घरी असते हे खरंय, पण मी घरनं काम करते, लॅपटॉप उघडून, पगार घेऊन. हे आत्याला पटत नाही. तिच्या मते ऑफिस म्हणजे जिथं डबा घेऊन जायचं ते. त्यामुळं माझ्या क्लायंट कॉलमध्ये मागनं "अगं आचाऱ्याला फोन केलास का न्हाई" हा आवाज कायम, शेवटी शेवटी तर बेंगलोरचा आमचा मॅनेजर पण मीटिंगच्या सुरुवातीला आचाऱ्याची चौकशी करायला लागला.

तारखेपासनं सुरुवात झाली. ह्या वर्षी, म्हणजे २०२६ ला, अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना, लग्नं बंद. त्यामुळं ज्यांची ज्यांची लग्नं मेच्या शेवटी व्हायची ती सगळी जनता एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला घुसली. आमचे भटजी फार शांत आहेत, त्यांनी पंचांग बघून सावकाश तारखा काढल्या, वहीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहून दिल्या, आणि तो कागद घेऊन आम्ही हॉल बघायला निघालो तर त्यातल्या एकाही तारखेला सांगलीत हॉल रिकामा नाही. मग मी उलटं केलं. आधी तीन-चार हॉलना फोन लावून मोकळ्या तारखा घेतल्या आणि त्या भटजींना दिल्या की ह्यातली शुभ कुठली ते सांगा. आत्या दोन दिवस बोलली नाही, असं कुठं असतंय का म्हणे, पण भटजी एकदम खूष, म्हणाले आता सगळे असंच करायलेत.

मधे एकानं जुलै सुचवला होता. चातुर्मास लागायच्या आत, आषाढी एकादशीच्या आधी, हॉलचे रेट पण कमी. पण जुलै म्हणल्याबरोबर घरात शांतता. २०२१ ला कृष्णेच्या पुराचं पाणी जुलैतच आलेलं. आणि २०१९ ला तर आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलेलं, ते आठवलं की काका अजून पंख्याकडं बघतात, कारण त्यांच्या जुन्या घरात पाणी पंख्याच्या पात्याला टेकायचं बाकी होतं. म्हणून सांगलीचा माणूस हॉल बघायला गेला की स्टेज, पार्किंग, एसी काही बघत नाही, पहिला प्रश्न "इथं पाणी येतं का ओ?" लग्न एप्रिलमध्ये असलं तरी हाच प्रश्न. कडक उन्हात, नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवलेल्या हॉलमध्ये उभं राहून आमच्या काकांनी हे विचारलं. मॅनेजरनं पण न हसता भिंतीवरची खूण दाखवली.

खरं तर हॉलवाल्याला विचारायचं वेगळंच असतंय आणि ते कुणी विचारत नाही. भाडं किती हे सगळ्यांना कळतंय, पण त्या भाड्यात काय येत नाही ते कळेपर्यंत नवरी सासरी पोचलेली असते. लाइटबिल युनिटवर वेगळं. जनरेटर "आहे" म्हणाले तर तो आहे फक्त, डिझेल आपलं. सफाई वेगळी, भांडी मोजून देणार आणि मोजून घेणार, हळदीची आदली रात्र धरायची का नाही ते वेगळंच. म्हणून मी आदल्या दिवशी किल्ली घेतल्याबरोबर मागच्या बाजूला जाऊन मीटरचा फोटो काढला. मॅनेजर म्हणाला, "एवढा पण विश्वास नाही व्हय मॅडम?" मी म्हणलं, "विश्वास आहे ओ, आठवणीला म्हणून." आणि लग्नानंतर त्याच्या वहीतला सुरुवातीचा आकडा आणि माझ्या फोटोतला आकडा ह्यात साडेतीनशे युनिटचा फरक निघाला, तेव्हा तो म्हणाला, अरे हां, हा मागच्या पार्टीचा आकडा राहिला वाटतं. मागची पार्टी कोण होती काय माहीत, पण त्यांच्या लायटिंगचं बिल आम्ही भरता भरता वाचलो.

आता जेवण. आचारी पहिल्यांदा विचारतो "पानं किती धरू?" आणि इथंच सगळं घर गप्प बसतंय. कारण आपल्याकडं पाहुण्याला "तुम्ही येणार का, किती जण येणार" असं विचारणं म्हणजे "येऊ नका" म्हणण्यासारखंच आहे. विचारलं तरी उत्तराचा उपयोग नाही. जो म्हणतो "नक्की येणार, घरचंच कार्य हाय" तो हमखास येत नाही. जो म्हणतो "बघू, जमलं तर टपकतो" तो सहा जणांना घेऊन टपकतो, वर त्यातला एक त्याच्या साहेबाचा मुलगा असतो. त्यात आमच्या आईनं निम्म्या गावाला चूलबंद आवतण दिलेलं. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नाही, आख्खं घर जेवायला. पण घर म्हणजे किती? नवरा-बायको आणि एक पोरगं हे पण घर, आणि कवलापूरला आमच्या लांबच्या मावशीचं एकत्र कुटुंब, जिथं सकाळी भाकरी थापायला तीन जावा लागतात, ते पण एकच घर. मी एक्सेल शीट काढलेली, त्यात हा कॉलम भरायचा कसा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी आचाऱ्यानंच सोडवलं. त्यानं माझी शीट बघितली नाही, पत्रिका किती छापल्या विचारलं, त्यातल्या पुण्या-मुंबईच्या किती ते वजा केलं, लग्न रविवारी आहे का विचारलं, त्या दिवशी अजून मोठं लग्न कुणाचं आहे ते विचारलं आणि आकडा सांगितला. वाढलेली ताटं मोजली तेव्हा वीस-पंचवीसचा फरक. इतकी वर्षं आम्ही डेटा ॲनालिसिस करतोय ते उगाच.

हळदीचा विषय निघाला की मात्र काकांचा बांध फुटतो. काका मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते, आयुष्य हळदीच्या सौद्यांत गेलेलं, राजापुरी कुठली आणि सेलम कुठली हे पोतं न उघडता सांगणारा माणूस. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा त्यांनी घरी पेढे आणलेले, जसं काय त्यांचाच पोरगा पास झालाय. आणि अशा माणसाच्या पोरीच्या हळदीला डेकोरेशनवाल्यानं "हळदी किट" आणलं. पिवळ्या पुठ्ठ्याचा डबा, त्यात सॅटिनची रिबन, त्यात गुलाबाच्या वासाची बारकी पुडी. काकांनी चिमूट घेतली, बोटांवर चोळली, नाकाला लावली, आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही हळद न्हाई." झालं. हळद थांबली. फोटोग्राफर ड्रोन उडवून बसलेला, नवरी पाटावर, बायका जात्यावरच्या ओव्या संपवून परत पहिल्यापासनं म्हणायला लागल्या, आणि काका स्कूटरवर बसून हळद आणायला गेले. आणली ती मात्र अशी रंगाची की भाड्यानं आणलेल्या सोफ्याची पांढरी कव्हरं कायमची पिवळी झाली आणि डिपॉझिटमधनं पैसे कापले. कापू दे म्हणाले काका, पक्का रंग आहे. एवढं अभिमानानं पैसे भरलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सव्वाशे किलोमीटर यायचं, त्यात बस कराडला चहाला थांबणार आणि चहाचा नाष्टा होणार, हे धरूनच मी व्याह्यांना मुहूर्त अकरा पन्नासचा सांगितलेला. वऱ्हाड बारा दहाला दारात. मी मनातल्या मनात स्वतःला फेटा बांधला. पण माइकवाला कुणी हिशोबात धरला नव्हता. आपल्याकडच्या लग्नात नवरा-नवरीपेक्षा माइक ज्याच्या हातात तो मोठा. "आपल्या मांडवात माजी सरपंच यांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी स्टेजकडं यावं, सोसायटीचे चेअरमन आलेले आहेत, त्यांचं मी दोन्ही परिवारांतर्फे..." असं करत करत घड्याळात पाऊण वाजला, मग कुठलेतरी मोठे पाहुणे माधवनगरपर्यंत आलेत, पाच मिनिटं थांबू म्हणाले, अंतरपाट धरलेल्या दोन पोरांचे हात थरथरायला लागले, नवरदेव अंतरपाटावरनं डोकावून बघायला लागला की चाललंय काय. भटजींना पुढचं लग्न कुपवाडला सव्वादोनला. शेवटी त्यांनीच माइक ओढून घेतला आणि "स्वस्तिश्री गणनायकम्" सुरू केलं. अक्षता पडल्या. मोठे पाहुणे आले तेव्हा आम्ही मठ्ठा पीत होतो, मग त्यांनी भाषणात "वेळेत लागलेलं लग्न" म्हणून दोन्ही घरांचं कौतुक केलं.

वरातीचं सांगत बसत नाही. रात्री दहानंतर डॉल्बी बंद हा नियम सगळ्यांना पाठ असतोय आणि नाचायचा मूड बरोबर पावणेदहाला येतोय.

खर्चाचा मेळ बसला असं वाटत होतं, आणि मग धोंड्याचा महिना लागला. लग्न अधिकाच्या आधी उरकलं ह्या आनंदात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही की अधिकात जावयाला वाण द्यावं लागतंय, तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, चांदीचं काहीतरी, आणि नवाकोरा जावई म्हणजे पहिलाच धोंडा, तो जोरातच पाहिजे. बजेटमध्ये ही लाइनच नव्हती. मांडववाल्याचे पैसे द्यायचेत अजून आणि जावई परत पाटावर. चांदीचा भाव ऐकून काकूनं दिवा मोठा घ्यायचा का ताम्हण हा विचार सोडून दिला आणि निरांजनावर भागवलं.

आणि आता पत्रिका. मुद्दाम मागं ठेवली कारण ते अजून मिटलेलं नाही. पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीला ठेवली, तिथपर्यंत सगळं छान. पण पत्रिकेत नावांच्या जागा असतात. वर निमंत्रक, मग आपले विनीत, मग व्यवस्थापक, आणि खाली "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" म्हणून किलबिल. मागच्या लग्नात नावं राहिली म्हणून ह्यावेळी एकही सोडायचं नाही असं ठरलं, एवढी नावं झाली की वधू-वरांची नावं शोधायला लागायची. प्रेसवाल्यानं जागा पुरेना म्हणून काही नावं इकडची तिकडं केली, प्रूफ फॅमिली ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी न वाचता अंगठे टाकले, आणि छापून आल्यावर कळलं की आजोबांचे चुलत भाऊ नाना, घरात हयात सगळ्यात वडीलधारे, ते "व्यवस्थापक" मध्ये गेलेत. नानांचा फोन आला. "मी काय लॉजचा मॅनेजर हाय व्हय?" लग्नाला आले, पण जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण जिलेबी घेतली नाही. आमच्यात हे फार गंभीर मानतात.

पुढं विवाह नोंदणीची वेळ आली. पासपोर्टवर नाव बदलायचं म्हणून धाकटीला सर्टिफिकेट पाहिजे. नमुना ड चा फॉर्म, फोटो, तीन साक्षीदार, भटजींची सही, आणि कागदपत्रांत लग्नपत्रिका. घरभर शोधलं, एक पत्रिका मिळेना. छापलेल्या सगळ्या वाटल्या, उरलेल्यांवर पोरांनी रंग मारले, एक आत्यानं हिशोब लिहून फाडली, आणि बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ. ज्यांना ज्यांना दिल्या त्यांनी रद्दीत घातल्या. एकच माणूस असा की ज्याच्याकडं पत्रिका नक्की असणार, आणि ती पण जपून, प्लास्टिकच्या पिशवीत. पुरावा म्हणून.

मी हरिपूरला नानांकडं गेले. चहा झाला, भडंग झाले, त्यांच्या काळी पत्रिका कशा असायच्या ते ऐकून झालं. मग कपाटातनं पिशवी निघाली. पत्रिकेत त्यांच्या नावाखाली लाल पेननं दोन रेघा. "झेरॉक्स काढ, ओरिजिनल मिळणार न्हाई," म्हणाले. मी म्हणलं नाना, ऑफिसात ओरिजिनल बघायला मागितली तर? त्यांनी विचार केला आणि म्हणाले मग मीच घेऊन येतो. मी म्हणलं आलाच आहात तर साक्षीदार म्हणून सही पण करा की, तीन लागतात. तर चष्मा लावला, फॉर्म हातात घेतला, पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापर्यंत वाचला, व्यवस्थापक हा शब्द कुठं नाही ना ते बघितलं, आणि फॉर्म परत देत म्हणाले, "साक्षीदार चालंल. पण एक नंबरला."