एस रॉथस्टीनच्या पॅन्टची क्रीज

गँगस्टरपटांवर गप्पा निघाल्या की कोणी कोणाला कसं उडवलं आणि कोणता डायलॉग कसा टाकला, यातच रात्र सरते. कपड्यांचा विषय निघालाच तर ‘काय स्टाइल होती यार’ म्हणून लगेच मिटतो. मला याचा मनापासून राग येतो. मार्टिन स्कोर्सेसीचा १९९५ सालचा ‘कॅसिनो’ माझ्या मते कपड्यांवर उभा असलेला सिनेमा आहे. त्यातला रॉबर्ट डी निरो आणि शॅरन स्टोनचा अभिनय त्या कपड्यांपासून वेगळा काढून दाखवताच येणार नाही. आज सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे, निवांत वाचा.

मी ठाण्यात हौशी आणि प्रायोगिक नाटकांचा कपडेपट सांभाळते. गडकरी रंगायतनच्या विंगेत सेफ्टी पिना तोंडात धरून उभी असते, ती मी. कपडा अंगावर चढला की माणसाची मान कशी बदलते, हात कुठे जातात, पाऊल किती पडतं, हे मी रोज बघते. त्यामुळे ‘कॅसिनो’ पुन्हा पुन्हा बघताना माझं लक्ष पिस्तुलांकडे जातच नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकातलं लास वेगास. सट्ट्याचा जबरदस्त अंदाज असलेल्या सॅम रॉथस्टीनला, म्हणजे ‘एस’ला, माफियाचे म्होरके टँजियर्स नावाचा कॅसिनो चालवायला बसवतात. दर महिन्याला तिथली रोकड हिशेबात येण्याआधीच सुटकेसमधून त्यांच्याकडे जाते. एसचा जुना दोस्त निकी (जो पेशी) तिथे दादागिरी करायला येतो. एस जिंजरशी (शॅरन स्टोन) लग्न करतो आणि तिथून सगळं उसवत जातं. फ्रँक रोझेन्थल नावाच्या खऱ्या माणसाच्या आयुष्यावर हे बेतलेलं आहे. लांबी जवळजवळ तीन तास.

आता तो प्रसंग. एस आपल्या ऑफिसात टेबलामागे बसलाय. शर्ट, टाय, सगळं जागच्या जागी. बाहेरून निरोप येतो, पॅट वेब भेटायला आलेत. एक मिनिट थांबवायला सांगून तो उठतो आणि आपल्याला दिसतं की कमरेखाली त्याने पॅन्टच घातलेली नाही. उघडे पाय. तो शांतपणे कपाटाशी जातो, हँगरवरची पॅन्ट काढतो, पायांत चढवतो, मग पाहुण्याला आत बोलावतो. यावर एका शब्दाचंही भाष्य नाही. बसल्यावर गुडघ्यात पॅन्टची क्रीज मोडते, म्हणून हा माणूस एकटा असताना पॅन्ट काढून ठेवतो.

हे मी नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांना सांगितलं. आयुष्यभर पॅन्टीच शिवलेला माणूस. ते हसले नाहीत. म्हणाले, “ताई, असं गिऱ्हाईक मिळालं तर शिवायला मजा येते, पण त्याच्या घरी जेवायला जाऊ नये.” एस रॉथस्टीनचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही समीक्षेत वाचलेलं नाही. ज्याला बसल्यावर पडणारी सुरकुती सहन होत नाही, त्याला बायकोच्या मनातली गुंतागुंत सहन होणारच नाही. पुढची सगळी शोकांतिका त्या हँगरवर लटकलेली आहे.

आणि ही पॅन्ट तो कोणासाठी चढवतो ते बघा. पॅट वेब हा तिथला स्थानिक बडा माणूस, काऊंटी कमिशनर. डोक्यावर काऊबॉय हॅट, बोलणं संथ आणि गोड. एसने नुकतंच नोकरीवरून काढलेल्या आपल्या मेव्हण्याला परत घ्या, हे सांगायला तो आलाय. एका बाजूला मापात बसलेला, एकही दोरा बाहेर न आलेला रॉथस्टीन आणि समोर ज्याला इस्त्रीची गरजच नाही असा माणूस, कारण ती भूमीच त्याची आहे. वेब त्याला सुनावतो की तुम्ही लोक इथे पाहुणे आहात. एस तरीही ऐकत नाही. इथेच तो हरतो. पुढे कॅसिनो चालवायचं लायसन्स त्याला नाकारलं जातं त्याची मुळं या भेटीत आहेत. दोघांच्या कपड्यांतून हे आपल्याला संवादाच्या आधीच कळलेलं असतं.

हे कपडे केले रिटा रायॅक आणि जॉन डन या दोघांनी. एकट्या डी निरोसाठी सत्तरेक पोशाख आणि स्टोनसाठी चाळीसेक होते असं सांगतात. आकडा मोठा आहे, पण मला कौतुक त्यामागच्या विचाराचं वाटतं. एसचा कोट, शर्ट आणि टाय पुष्कळदा एकाच रंगाच्या छटांमधले असतात. सत्तरच्या दशकातली लांब टोकांची कॉलर, रुंद लॅपल (कोटाच्या छातीवर दुमडलेली पट्टी), भडक रंग हे सगळं आहे, पण त्यात कुठेही ढिलाई नाही. दुसऱ्या कोणी घातलं असतं तर वरातीतला बँडवाला वाटला असता. डी निरो ते युनिफॉर्मसारखं वागवतो. कोट घातल्यावर तो खांदे हलवतच नाही. मान वळवायची तर अख्खं धड वळवतो. सिगरेट होल्डर बोटांत धरतो तेव्हा राख कपड्यांपासून लांब पडेल अशी. ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधला किंवा ‘रेजिंग बुल’मधला डी निरो ज्यांना आवडतो, त्यांना हा फार थंड वाटतो. मला वाटतं हे त्याचं जास्त अवघड काम आहे. आतून जळणारा माणूस इस्त्री न मोडता करून दाखवायचा होता.

ब्लूबेरी मफिनचा प्रसंग आठवा. एसच्या मफिनमध्ये ब्लूबेरी जवळजवळ नाहीतच आणि शेजारच्याचं मफिन गच्च भरलेलं. हा तडक किचनमध्ये जाऊन शेफला सांगतो की प्रत्येक मफिनमध्ये सारख्याच ब्लूबेरी हव्यात. लोक याला विनोदी प्रसंग म्हणतात. मला त्यात तोच क्रीजवाला माणूस दिसतो.

इथे थोडं विषयांतर. आपल्याकडे गँगस्टरची सर्वांत गाजलेली फॅशन अपघाताने जन्माला आली. ‘दीवार’मधला अमिताभचा निळा शर्ट, कमरेशी गाठ मारलेला. स्वतः अमिताभनीच सांगितलंय की शर्ट शिवताना लांब झाला होता, शूटिंगची वेळ झालेली, बदलायला सवड नव्हती, म्हणून गाठ मारली. १९७५ सालचा सिनेमा आणि ती गाठ अजून लोकांना पाठ आहे. आमच्या धंद्यात असं होतं आणि मला त्याचा आनंदच आहे. पण ती गाठ टिकली ती मारणाऱ्याच्या अंगात गोदी कामगाराचा कणा होता म्हणून. तोच शर्ट दुसऱ्या कोणाच्या अंगावर नुसता लांब शर्टच राहिला असता.

आता जिंजर. सिनेमा बघून उठल्यावर माझ्या डोक्यात तीच राहते.

एस तिला पहिल्यांदा बघतो तेव्हा ती एका जुगाऱ्याच्या शेजारी टेबलाशी उभी आहे, अंगावर चमचमता गाऊन. जिंकलेल्या चिप्समधला, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांमधला, तिचा वाटा तो जुगारी नाकारतो तशी ती टेबलावरच्या चिप्स उधळून देते. लोक गोळा करायला झेपावतात आणि ती मजेत बघत उभी राहते. मणी आणि टिकल्यांचं काम असलेला कपडा किती जड असतो हे फक्त घालणाऱ्याला आणि आम्हाला कळतं. आपल्याकडे लग्नात भरजरी शालू नेसलेली मुलगी जशी आपोआप ताठ चालते, तसंच असतं ते. स्टोन त्या वजनात अशी वावरते, जणू ते तिचं कातडं आहे. त्या एका प्रसंगात कळतं की ही बाई इथे कामावर आहे आणि हा गाऊन तिची हत्यारांची पेटी आहे.

मग लग्न होतं. लग्नाच्याच दिवशी, नवरीच्या पोशाखात, ती फोनवर जुन्या प्रियकराशी, लेस्टरशी, रडत बोलते. स्टोनचा चेहरा त्या वेळी लहान मुलीसारखा होतो. अंगावर जगातला सगळ्यात अपेक्षित पोशाख आणि आवाजात निरोपाचं रडू. पुढे एस तिच्यासमोर फरचे कोट, हिरे, दागिने यांचा ढीग घालतो. ती हरखते, अगदी खरीखुरी हरखते. स्टोनने इथे लबाडी दाखवली नाही याचं मला फार मोल वाटतं. बाई लोभी आहे, असं म्हणून मोकळं होण्याची सोय ती आपल्याला देत नाही. तिला दागिने आवडतात आणि नवऱ्यावर प्रेम नाही, दोन्ही तितकंच खरं.

उत्तरार्धात दारू आणि गोळ्यांनी ती ढासळत जाते. कपडे महागच राहतात. हाच या कामाचा कळस आहे. एरवी सिनेमात बाईची वाताहत दाखवायची म्हणजे केस विस्कटायचे, साडी मळकी करायची. इथे वस्त्र उंचीच राहतं आणि आतलं माणूस त्यात मावेनासं होतं. एसच्या घरासमोर ती गाडी धडकवते, ओरडते, शेजारी बघतायत, पोलीस आलेत. स्टोनला तोवर बहुतेकांनी ‘बेसिक इन्स्टिंक्ट’मधल्या मादक बाईच्या चौकटीत बसवून टाकलं होतं. या बाईने ती चौकट इथे मोडली. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं आणि ऑस्करचं नामांकनही. ‘कॅसिनो’ला मिळालेलं ते एकमेव ऑस्कर नामांकन.

एकमेव. म्हणजे वेशभूषेसाठी नामांकनसुद्धा नाही. त्या वर्षी वेशभूषेचं ऑस्कर ‘रिस्टोरेशन’ला गेलं, राजेरजवाड्यांच्या काळातल्या झगमगाटाला. त्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वीस वर्षांपूर्वीचा काळ उभा करणं कोणालाच कष्टाचं वाटत नाही, हे मी इथे ठाण्यातही अनुभवते. ऐतिहासिक नाटकात अंगरखे आणि फेटे दिसले की परीक्षक मान डोलावतात. नव्वदच्या दशकातल्या कारकुनाची पॅन्ट नेमक्या उंचीवर चढवली, खिशाला शाईचा डाग दिला, तर ‘कपडे साधेच होते’ असं ऐकायला मिळतं. शिवाजी महाराजांच्या काळात कोणी बघायला गेलेलं नसतं. नव्वदचं दशक मात्र प्रेक्षागृहातल्या अर्ध्या लोकांनी अंगावर वागवलेलं असतं, ते चुकलं की लगेच पकडतात. अवघड कुठलं, तुम्हीच सांगा.

मागे एका कॉलेजच्या एकांकिकेत गुंडाची भूमिका करणारा मुलगा माझ्याकडे आला. त्याला काळा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, सोन्याची चेन असं सगळं हवं होतं. पोरं हीच यादी घेऊन येतात, कारण गेल्या काही वर्षांतल्या सिनेमांनी आणि वेब सिरीजनी त्यांना हीच दिली आहे. मी उल्हासनगरहून आणलेल्या कापडाचा एक पांढरा शर्ट त्याला दिला. गळ्याला मुद्दाम किंचित घट्ट, वरचं बटण लावलेला, कडक इस्त्रीचा. तालमीत त्याचा आवाज आपोआप खाली आला. घसा आवळलेला असल्यामुळे त्याला ओरडता येईना आणि धमकी हळू आवाजात द्यावी लागली. समोरच्या नटाने एक पाऊल मागे घेतलं, जे दिग्दर्शकाने बसवलेलंच नव्हतं. त्या मुलाने पुढे प्रयोगापर्यंत तो शर्ट बदलू दिला नाही.

निकीबद्दल कमी लिहितेय, कारण जो पेशीवर सगळे लिहितातच. एकाला पेन खुपसण्याचा प्रसंग, शिव्या, अचानक भडकणं हे सगळं जबरदस्त आहे, पण त्याचा भाऊबंद आपण ‘गुडफेलाज’मध्ये पाहिला होता आणि त्यासाठी पेशीला ऑस्करही मिळालं होतं. इथे मला हलवून गेला तो त्याचा शेवट. मक्याच्या शेतात त्याला आणि त्याच्या भावाला आतल्या कपड्यांवर आणतात आणि बॅटींनी मारतात. तीन तास रुबाबदार कोटांचा सिनेमा बघितल्यावर तो चड्डीवरचा, मातीत लोळणारा, भावासाठी विनवणी करणारा छोटासा माणूस बघवत नाही. मारणाऱ्यांनी त्याचे कपडेसुद्धा काढले, कारण त्या जगात माणूस म्हणजे त्याचे कपडेच होते.

ज्यांनी ‘कॅसिनो’ पाहिला असेल त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. शिवणकाम करणारे किंवा कपडेपट सांभाळणारे कोणी असतील तर त्यांचं मला आधी ऐकायचंय, त्यातही जिंजरच्या गाऊनबद्दल. तो मणीकामाचा कपडा इतका सहज पडावा म्हणून आतून अस्तर कसं दिलं असेल, यावर आमचे टेलरकाका आणि मी अजून एकमताला आलेलो नाही.