‘घाबरू नका’ याच्याऐवजी काय सांगावे

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी, करायची आहे असे ज्याला सांगितले जाते, त्याला पुढच्या काही दिवसांत भेटणारा प्रत्येक माणूस ‘घाबरू नका, काही नसते त्यात’ असे म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, हे मी जाणते. तरीही माझे ठाम मत असे आहे की या वाक्याने भीती कमी होत नाही, फक्त घाबरलेल्या माणसाचे बोलणे थांबते. ज्याला काही विचारायचे असते तो मान डोलावतो, आणि त्याचे प्रश्न रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उभे राहतात. पहिल्या कोलोनोस्कोपीची तारीख समोर असलेल्यांसाठी, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या घरच्यांसाठी, मी हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या बाबतीत पोटाची काहीही तक्रार नव्हती. पाळी बंद होऊन बराच काळ लोटला होता, आणि तरीही रक्ततपासणीत हिमोग्लोबिन व लोह दोन्ही कमी आले. आपल्याकडे बाईचे हिमोग्लोबिन कमी असणे इतके गृहीत धरले जाते की पालक खा, खजूर खा, लोहाच्या गोळ्या घ्या, एवढ्यावर बहुतेक वेळा विषय संपतो. आमच्या डॉक्टरांनी तो संपू दिला नाही. पाळी थांबल्यानंतर शरीरातले लोह घटत असेल, तर जठरातून किंवा आतड्यातून नकळत रक्त झिरपत नाही ना, हे पाहावेच लागते, असे त्यांनी समजावून सांगितले आणि दुर्बिणीने दोन्ही बाजूंची तपासणी करायला सांगितली. तोंडातून करायच्या तपासणीचे मला फारसे काही वाटले नाही. दुसरीचे नाव ऐकल्यावर मात्र हातपाय गार पडले.

त्या भीतीकडे नीट पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की ती एक भीती नव्हतीच. परक्या लोकांसमोर उघडे पडण्याची लाज, वेदनेची धास्ती, गुंगीतून जागे न होण्याची शंका, जुलाबाच्या औषधाचा धसका, आणि या सगळ्यांच्या तळाशी ‘कॅन्सर निघाला तर’ हा प्रश्न, असे अनेक धागे एकमेकांत गुंतलेले होते. त्यातल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या माणसाकडे असते. लाजेचे उत्तर सिस्टर देऊ शकते, गुंगीचे उत्तर भूलतज्ज्ञ देऊ शकतात, औषधाच्या धसक्याचा बंदोबस्त घरच्यांना करता येतो. ‘घाबरू नका’ असे म्हटले की हे सगळे धागे एकत्र बांधून बाजूला ठेवले जातात, आणि मग एकाचेही उत्तर मिळत नाही.

लाजेविषयी थोडे अधिक लिहिते, कारण माझ्या मते लोक तारीख पुढे ढकलतात ते सर्वांत जास्त तिच्यामुळे. लोकलच्या लेडीज डब्यात आम्ही बायका शुगर, थायरॉइड, गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांविषयी मोकळेपणाने बोलतो. पण शौचाच्या वेळी रक्त जाते, हे मी त्या डब्यात कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. त्याच डब्याच्या भिंतीवर मूळव्याध आणि भगंदरावरच्या हमखास उपायांची पत्रके चिकटवलेली असतात. रक्त दिसले म्हणजे मूळव्याध, असा निदानाचा निकाल घरातच लागतो, आणि मलम व चूर्ण यांच्यावर वर्षे काढली जातात. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. परंतु मोठ्या आतड्यातील गाठ किंवा कॅन्सरदेखील अशाच रक्ताने स्वतःची खबर देऊ शकतो, आणि यातले काय आहे हे आतून पाहिल्याखेरीज कळत नाही. लाजेची ही किंमत फार मोठी आहे.

मी तपासणीपूर्वी विभागातल्या सिस्टरना स्पष्ट विचारले की अंगावर काय असेल, खोलीत कोण कोण असेल, आणि एखादी स्त्री कर्मचारी शेवटपर्यंत माझ्याजवळ थांबेल का. त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले की मागून उघडणारा गाऊन घालायला मिळतो, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, अंगावर चादर असते, उघडा राहतो तो आवश्यक तेवढाच भाग, आणि एक सिस्टर डोक्याशी उभी राहते. हे प्रश्न विचारताना माझा आवाज कापत होता, पण त्यांना त्यात काहीही विचित्र वाटले नाही. माझी लाज पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. मात्र काय घडणार आहे याचे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर कल्पनेने रचलेले चित्र मागे हटले, आणि खरे चित्र त्याच्यापेक्षा पुष्कळ सौम्य होते.

आता तयारीविषयी. ज्यांनी ही तपासणी केली आहे त्यांतले बहुतेक जण सांगतात की तपासणीपेक्षा आदला दिवस कठीण असतो, आणि मलाही तसेच वाटते. मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि ते पूर्ण स्वच्छ असल्याशिवाय आतले अस्तर दिसत नाही. त्यासाठी दोन-तीन दिवस आधीपासून चोथा कमी असलेले अन्न घ्यावे लागते. भाकरी, पालेभाजी, उसळ, पेरू, डाळिंब, टोमॅटोच्या बिया हे सगळे बंद असते, आणि मऊ भात, दही, अंडे, काटे काढलेला मासा हे सामान्यतः चालते. आपल्याकडे ‘एक दिवस उपासच करायचा ना’ असे म्हणून साबुदाण्याची खिचडी पुढे केली जाते. त्या खिचडीतले शेंगदाणे आतड्यात राहतात, म्हणून हा उपास त्या उपासासारखा नाही, हे घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवावे. आदल्या दिवशी फक्त पारदर्शक द्रव घ्यायचे असतात. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा चालतो, परंतु कोकम सरबत टाळावे, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. लोहाच्या गोळ्यांमुळे मळ काळा होऊन चिकटून राहतो, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधे मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत, त्यांविषयी डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्यावी.

औषधाची पावडर पाण्यात विरघळवून, प्रकारानुसार दोन ते चार लिटर द्रावण प्यावे लागते. चव खारट, गुळगुळीत असते. हल्ली ते बहुधा दोन भागांत देतात, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या काही तास आधी, कारण असे केल्याने आतडे अधिक स्वच्छ होते. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच आहे, पण मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो तो इथेच. वन रूम किचनमध्ये पाच माणसे आणि एक संडास असेल, किंवा चाळीत मजल्याच्या टोकाला सामायिक संडास असतील, तर रात्रभर आत-बाहेर करणाऱ्या माणसाने काय करावे? पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर? आणि परळच्या के.ई.एम.मध्ये किंवा मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात सकाळची वेळ मिळालेल्या विरारच्या किंवा कर्जतच्या रुग्णाने औषधाचा दुसरा भाग पिऊन लोकलमध्ये कसे बसावे, जिथे शौचालयच नसते? ही भीती मनाची नाही, ती घराची आणि अंतराची आहे, आणि तिच्यावर धीराचे शब्द काहीच काम करत नाहीत. काम करते ती व्यवस्था. तपासणीची वेळ दुपारची मिळेल का, हे विचारावे. जवळ राहणाऱ्या नातेवाइकाकडे आदल्या रात्री मुक्काम करता येतो. वयस्कर किंवा एकट्या राहणाऱ्या रुग्णाने तयारीसाठी रात्रभर दाखल करून घेता येईल का, हे अवश्य विचारावे, आणि ते विचारण्यात संकोच बाळगू नये. शेजाऱ्यांना कारण न सांगताही ‘आज रात्री माझी जरा अडचण आहे’ एवढे सांगून ठेवता येते.

माझ्या घरी त्या संध्याकाळी यजमान आणि लेक जेवायला बाहेर गेले, कारण घरात फोडणीचा वास नको असे मीच सांगितले होते. परत आल्यावर लेक माझ्याजवळ बसून राहिली, प्रत्येक पेला थंड करून देत होती, आणि तिने एकदाही मला घाबरू नकोस असे म्हटले नाही. तिच्या त्या सोबतीचे मोल मी शब्दांत सांगू शकणार नाही.

प्रत्यक्ष तपासणीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. सुमारे बारा-तेरा मिलिमीटर जाडीची लवचीक नळी, टोकाला कॅमेरा, आतडे फुगवण्यासाठी थोडी हवा किंवा कार्बन डायऑक्साइड, आणि साधारण अर्धा तास. सलाईनमधून गुंगीचे औषध दिले जाते, त्यामुळे पुष्कळांना काही आठवतही नाही. मला छताचा दिवा आठवतो आणि त्यानंतर बाहेरची खोली. पोटात थोडा वेळ वायू राहतो, आणि त्या दिवशी सोबत माणूस असावाच लागतो, कारण गुंगी पूर्ण उतरेपर्यंत एकट्याने प्रवास करणे योग्य नसते. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, तो लपवू नये. पण केवळ पाहण्यासाठी केलेल्या तपासणीत तो हजारात एकाहूनही कमी असतो. मी विचारल्यावर डॉक्टरांनी मला हा आकडा सांगितला, आणि तो ऐकून मी घाबरले नाही, उलट आपल्यापासून काही लपवले जात नाही याचा विश्वास वाटला.

आणखी एका माहितीने मला बळ दिले. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पलीकडे नेता येते, हे 1954 मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञांसोबत दाखवणारे शास्त्रज्ञ नरिंदर सिंग कपानी मूळचे पंजाबातल्या मोग्याचे. लवचीक दुर्बिणींचा पाया त्या कामाने घातला गेला. पुढे 1969 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांच्या कामातून आतड्यातील पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली लहान गाठ, पोट न उघडता, दुर्बिणीतूनच काढणे शक्य झाले. त्याआधी मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोटाची शस्त्रक्रियाच करावी लागत असे. ज्या नळीची मला धास्ती होती, ती मुळात मोठ्या शस्त्रक्रियेतून माणसाची सुटका करण्यासाठी आलेली आहे.

ओळखीतल्या लोकांचे भयंकर अनुभव ऐकून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोलोनोस्कोपी चालू असताना रुग्णांनी दर मिनिटाला वेदनेची नोंद केली होती. नंतर त्यांच्या मनात राहिलेली आठवण त्रास किती वेळ चालला यावर ठरली नाही. सर्वांत वाईट क्षण आणि शेवटची काही मिनिटे, एवढ्यावरच ती बेतलेली होती. म्हणून एखाद्या काकांचा वीस वर्षांपूर्वीचा, कदाचित गुंगीशिवाय झालेल्या तपासणीचा किस्सा ऐकताना हे ध्यानात असावे की ते त्यांची आठवण सांगत आहेत. ती खोटी नाही, परंतु ती तुमच्या तपासणीचे भाकीतही नाही.

राहिली निकालाची भीती. अमेरिकेत 2021 पासून, कोणतेही लक्षण नसले तरी वयाच्या 45 व्या वर्षापासून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी चाचणी सुरू करावी अशी शिफारस आहे, आणि कोलोनोस्कोपी हा त्यातला एक मार्ग आहे. आपल्याकडे हा आजार तिकडच्यापेक्षा कमी आढळतो आणि अशी सरसकट तपासणी होत नाही. इथे माणूस या टेबलावर येतो तो बहुधा काहीतरी बिघडल्याची शंका आल्यावरच, आणि म्हणूनच आपली भीती अधिक जड असते. तिला खोटा दिलासा देऊ नये. पण पॉलिपचा कॅन्सर व्हायचा असेल तर त्याला सामान्यतः दहा-एक वर्षे लागतात, आणि त्या काळात तो सापडला तर काढून टाकता येतो. एवढे खरे सांगितले तरी माणसाला पुरते. माझ्या आतड्यात दोन लहान पॉलिप सापडले, ते त्याच वेळी काढले, आणि ते काढताना काही कळले नाही, कारण त्या अस्तराला कापल्याची वेदना होत नाही. बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र फार जड गेले. रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पुन्हा केव्हा यायचे ते डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिले आहे, आणि मी जाणार आहे.

माझी मागणी साधी आहे. मला तयारीच्या सूचनांचा जो कागद मिळाला, तो पूर्ण इंग्रजीत होता, आणि त्यातले पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातले नव्हते. मुंबईतल्या प्रत्येक एंडोस्कोपी विभागाने हा कागद मराठीत आणि हिंदीत, भाकरी, उसळ आणि कोकम यांच्या नावांसह द्यावा. त्यावर रात्री कोणीतरी उचलेल असा एक फोन नंबर असावा, कारण द्रावण पिताना उलटी झाली तर काय करायचे, हा प्रश्न रात्रीच पडतो. आणि तारीख देताना ‘घरी संडास किती जणांत आहे, किती लांबून येणार’ हे दोन प्रश्न रुग्णाला विचारले जावेत.

ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांनी मला इनबॉक्समध्ये अवश्य लिहावे. मी डॉक्टर नाही, औषधांविषयी काही सांगणार नाही. डॉक्टरांना काय विचारायचे याची यादी आपण मिळून करू, आणि बायकांना सिस्टरशी बोलायला संकोच वाटत असेल तर मी सोबत येईन.