बायपासच्या वादात मला गप्प बसवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय. लिंबू, आलं, लसूण आणि अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आटवा, मध घाला, रोज सकाळी घ्या. ब्लॉकेज मोकळे, बायपास टळली. निमित्त सांगलीच्या मामांच्या अँजिओग्राफीचं. मावसभावाने खाली लिहिलं, "बायपास हा डॉक्टरांचा धंदा आहे." मी विरोध केला, तर म्हणाला, "तुला तिथे इंग्लंडमध्ये सगळं फुकट मिळतं, तुला काय कळणार?"

राग त्या टोमण्याचा नाही. एवढ्या चर्चेत मामांचा रिपोर्ट कोणीच उघडून बघितला नाही, याचा आहे. ब्लॉक लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या मुख्य नळीत आहे. हृदयाच्या डाव्या बाजूचं बहुतेक रक्त त्याच नळीतून जातं. मावसभावाने २०२० साली छापून आलेल्या इस्केमिया ट्रायलचा, म्हणजे ब्लॉकेजवर आधी औषधं की स्टेंट-बायपास हे तपासणाऱ्या अभ्यासाचा, दाखला दिला. ट्रायल खरी आहे. पाच हजारांवर रुग्ण होते, आणि आजार स्थिर असेल तर आधी औषधांवर ठेवल्याने मृत्यू वाढत नाहीत असं त्यातून दिसलं. पण लेफ्ट मेनचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते! मामांना ती ट्रायल लागूच होत नाही.

संशय उगाच आलेला नाही, हे मीही मानते. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला, म्हणजे नळी उघडी ठेवणाऱ्या जाळीला, लोक लाख-सव्वा लाख मोजत होते, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याच स्टेंटची कमाल किंमत तीस हजारांच्या आत आणली. असं बघितलेला माणूस डॉक्टरवर डोळे मिटून कसा विश्वास ठेवणार? पण म्हणून सगळ्यांना एकाच माळेत ओवायचं? माझ्या आत्याला लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि हृदयातली मायट्रल झडप आकसली. पुढे तिला बसली ती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली झडप. हृदयाचे सर्जन डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली ती तिथे तयार झाली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, आणि परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे लाखावर लोकांपर्यंत पोचली. रात्री आत्याशेजारी झोपलं की तिच्या छातीतली टिकटिक ऐकू येते. तिच्यासमोर कोणी 'धंदा' म्हणून दाखवावं.

इथे लेस्टरमध्ये माझ्या नवऱ्याची एओर्टिक झडप बदलली. बिल आलं नाही, खरं आहे. पण तारखेची वाट बघण्यात कित्येक महिने गेले, आणि मिळालेली तारीखही आयसीयूत बेड नाही म्हणून पुढे ढकलली. सांगलीत मामांना त्याच आठवड्याची तारीख मिळतेय. तरीही एक गोष्ट इथली चांगली आहे आणि ती मी ठणकावून सांगणार: सर्जनचे निकाल लोकांसमोर आणले गेले. ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये १९९१ ते १९९५ या काळात हृदयाच्या ऑपरेशननंतर अपेक्षेपेक्षा तीस ते पस्तीस तान्ही मुलं जास्त दगावली. २००१ साली चौकशीचा अहवाल आला, आणि काही वर्षांतच कोणत्या सर्जनचे किती रुग्ण दगावले हे रुग्णांचं वय, किडनीची स्थिती, आधीचा आजार हिशेबात धरून जाहीर व्हायला लागलं. नवऱ्याच्या सर्जनचा आकडा मी आधीच वाचला होता.

इथे नव्हतं ते आपलं माणूस. फॉर्मवर नातेवाईक म्हणून माझं एकटीचं नाव. खोकला आला की छातीशी धरायला गुंडाळलेला टॉवेल देतात. तो धरून नवरा बसायचा, आणि मी बसच्या वेळा बघत बसायचे. आत्याच्या वेळी गल्लीतली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी होती आणि मामी सगळ्यांना चहा देत होत्या. इथे नवऱ्याला रक्त कोणी दिलं ते मला कधीच कळणार नाही. तो गोंधळ मला हवा होता. इथली रांग आणि तिथली माणसं या दोन्हींत माझा जीव अडकलाय, म्हणूनच ग्रुपवर मी इतकी भांडते. 'तू बाहेरची' हे ऐकून मी गप्प बसणार नाही.

मामांच्या मुलाला मी सांगितलंय, सर्जनला दोन गोष्टी विचार. बायपासची नवी वाट जोडायला छातीतली मॅमरी धमनी वापरणार ना? ती दहा वर्षांनीही बहुतेकांची चालू असते, पायाच्या शिरेचं तसं नाही. आणि दुसरं, तुमच्या बायपासच्या रुग्णांपैकी गेल्या वर्षी किती दगावले? दुसऱ्या प्रश्नाला तो बिचकतोय, डॉक्टर दुखावतील म्हणतो. हे त्याला का विचारावं लागावं? महात्मा फुले योजनेतून बायपास आणि झडपांच्या ऑपरेशनचे पैसे सरकारच देतं, प्रत्येक केसचे कागद सरकारकडेच जातात. हॉस्पिटलवार निकाल जाहीर करा, ही मागणी ग्रुपवर मावसभावाने करावी. त्यावर पहिली सही माझी असेल.