साडेसाती संपल्यावर कुत्रा कोण सांभाळणार?

घरातली लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्री, व्याली, पिल्लांनी डोळे उघडले आणि एक फोटो व्हॉट्सॲपवर गेला, की पुण्यात आपले किती नातेवाईक आहेत ते कळतं. कोथरूड, वाकड, हडपसर, शिवाय कुणाच्या तरी साडूचं ऑफिस. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच : "फायनल किती?" एवढ्यावरून कुणाला बाद करू नये. घासाघीस करणाऱ्यांना नाही म्हणायचं ठरवलं, तर सगळी पिल्लं आपल्याच हॉलमध्ये म्हातारी होतील.

"तुम्हाला कुत्री आवडतात का?" हे आम्ही विचारत नाही. त्याला नाही म्हणायला कुणी फोन करत नसतं. प्रश्न असा हवा, की बरोबर उत्तर कोणतं याचा समोरच्याला थांगपत्ता लागू नये. उदाहरणार्थ, घर स्वतःचं की भाड्याचं? करार अकरा महिन्यांचा असतो आणि लॅब १० ते १२ वर्षं जगते. भाडेकरूला पिल्लू देऊच नये असं नाही, पण घरमालकाची परवानगी कागदावर बघावी. "मालक काही म्हणणार नाहीत" याचा अर्थ मालकांना अजून कळलेलं नाही. सोसायटीचंही तेच. बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट सांगितलंय. ते परिपत्रक छापून द्यावं. तरी लिफ्टमध्ये रोज परिपत्रक भेटत नाही, सेक्रेटरी भेटतात.

मग एक फोन हमखास येतो. "काळं आहे का? गुरुजींनी सांगितलंय." शनीची पीडा टाळायला काळा कुत्रा. आमची शनिमहाराजांबद्दल तक्रार नाही, हिशेबाबद्दल आहे. साडेसाती साडेसात वर्षांची, आणि गुरुजींना गाठेपर्यंत त्यातली अडीच उलटलेली असतात. राहिली पाच. त्यानंतरची पाच-सात वर्षं कुत्रा कोण सांभाळणार, हे विचारलं की पलीकडून "घरी विचारून सांगतो" असं येतं आणि विषय मिटतो. दहावीतल्या मुलाच्या हट्टालाही हेच गणित लावावं. बारावीनंतर चिरंजीव जर्मनीला निघतात आणि तीस किलोचा कुत्रा आईच्या गुडघ्यांच्या भरवशावर राहतो.

"मुळशीला फार्महाउस आहे, राखणीला हवं, वॉचमन खायला घालेल" याला मात्र एका शब्दात नकार. लॅबला माणसं लागतात, आणि राखणीचं म्हणाल तर चोराच्या खिशात बिस्किट असलं की ती त्याला पौडापर्यंत सोबत करेल. "एक नर, एक मादी, जोडी द्या" म्हणणाऱ्यांच्या डोक्यात पुढच्या पिल्लांचा धंदा असतो. तिथेही वेळ घालवू नये.

वाढदिवसवाले चिवट. तारीख ठरलेली असते, म्हणून सहा आठवड्यांचं पिल्लू मागतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याला कारणही आहे. या दिवसांत पिल्लू भावंडांना चावतं, भावंडं किंचाळून खेळ सोडतात, आणि दात किती जोरात लावायचे ते त्याला समजतं. हा अभ्यास अर्धवट राहिला, तर तो वाढदिवसाच्या मुलीच्या पोटऱ्यांवर पुरा होतो.

फोनवर पास झालेल्यांनाच घरी बोलवावं, सहकुटुंब. चपला बाहेर, हातपाय साबणाने. पार्वो म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा उलट्या-जुलाबांचा आजार. त्याचा विषाणू चपलांवरून येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. साध्या फिनेलचा त्यावर भरवसा नाही. फरशी धुऊन घेऊन एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. जे त्याच दिवशी दुसरीकडची पिल्लं बघून आलेत, त्यांना चहा पार्किंगमध्ये.

पिल्लू उभ्याने हातात द्यायचं नाही, सगळ्यांना खाली बसवायचं. लहान मूल कान ओढणारच. ते बघायचं नसतं, आईवडील काय म्हणतात ते ऐकायचं. मग सहज विचारावं, "शी कोण काढणार?" आणि उत्तराकडे लक्षच देऊ नये. कोण कुणाकडे बघतं, ते पाहावं. सगळे ज्या व्यक्तीकडे बघतात, तीच खरी मालकीण. तिची तयारी नसेल तर बाकीच्यांच्या उत्साहाला काही किंमत नाही.

पेठेतल्या आजी विचारतात, "वरणभात चालेल ना?" नुसत्या वरणभाताने वाढीच्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. ते भरून काढायला कुणीतरी मनानेच कॅल्शियमचं टॉनिक सुरू करतं, आणि जादा कॅल्शियमने मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं बिघडतात. "अंडं चालेल, पण भांडं वेगळं" इथपर्यंत आजी आल्या की ते घर पास.

घर बघायला आपण जायचंच. बाल्कनीच्या गजांतून डोकं गेलं की पिल्लू गेलं, म्हणून जाळी. कुंड्यांत कण्हेर किंवा डिफेनबॅकिया नको, दोन्ही विषारी. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात आणि लॅबचे खुबे मुळातच नाजूक, तेव्हा रबरी मॅट टाकायला लावावी. सोफा नवा असेल तर काही बोलू नये.

देताना लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, मायक्रोचिपचा नंबर, चालू खाणं आठवडाभराचं, आणि आईच्या वासाचं फडकं. सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू आमच्याकडेच परत, हे लिहून सही घ्यावी. पुढचा बूस्टर तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, आणि त्या सर्टिफिकेटवर महापालिकेचा परवाना.

पहिल्या रात्री अकराला फोन येतो : "रडतंय हो!" पलंगाशेजारी खोकं ठेवा, फडकं आत घाला, शूला दोनदा उठवा, एवढं सांगायचं. फोन आलाच नाही तर सकाळी आपण करायचा, आणि "कसं आहे?" न विचारता "रात्री कोण उठलं?" असं विचारायचं.