भाकरी नाही, बटर नान आहे म्हणे

बेळगावात बाहेर जेवायला गेलं की बेळगावचं सोडून सगळं मिळतं. हे कुणीतरी कधीतरी लिहायलाच हवं होतं. मी लिहिते, आणि रागात लिहितेय, तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नका.

परवा धाकट्या नणंदेचं कुटुंब ठाण्याहून आलं. ही बेळगावातल्याच शहापूरची पोरगी, इथेच वाढलेली, लग्न होऊन तिकडे गेली. येतानाच फोनवर सांगून ठेवलं होतं, "वहिनी, रविवारी तुम्ही गॅसजवळ जायचं नाही. आपण सगळे बाहेर जेवू. पण मला इकडचं जेवायचंय हं, पनीर मला तिकडे सोसायटीच्या खालीच मिळतं." म्हटलं बरं. सकाळी किल्ला, कमलबस्ती, कपिलेश्वर सगळं झालं. पोरं भुकेली झाली. गावात नवीन झालंय एक हॉटेल, एसीबिसी, बाहेर गाड्यांची रांग, तिथे गेलो.

मेनूकार्ड मागितलं तर टेबलावरच्या चौकोनाकडे बोट. मोबाईल धरा आणि वाचा. सासूबाई पंचाहत्तरीच्या, त्यांनी कुठे धरायचा मोबाईल? असो, ते वेगळं रडगाणं. नातवाने वाचून दाखवलं. व्हेज कोल्हापुरी. व्हेज हैदराबादी. व्हेज पेशावरी. काश्मिरी पुलाव, अमृतसरी कुलचा, शेजवान राइस, हाका नूडल्स. दावणगेरे बेण्णे दोसा. म्हणजे बघा, बेळगावच्या हॉटेलात पेशावर पोचलं, पण चार पावलांवरचं येळ्ळूर काही पोचलं नाही.

वाढपी पोरगा आला. कुठल्या लांबच्या गावचा होता कोण जाणे, हिंदीतच बोलत होता. त्याचा काही दोष नाही, बिचारा पोटासाठी आलाय. मी विचारलं, "भाकरी है क्या?" तो म्हणाला, "भाकरी नहीं है मॅडम, बटर नान है, बटर रोटी है, गार्लिक नान है." नणंद म्हणाली, "एण्णेगाई? भरलं वांगं?" त्याने मान हलवली. "बैंगन मसाला है." तो बैंगन मसाला मी आधी बघितलाय. लाल रश्श्यात जांभळ्या वांग्याचे चार तुकडे आणि वर साय. शेंगदाणे नाहीत, कारळे नाहीत, चिंच-गूळ नाही. वांगं भरलेलंच नाही तर भरलेलं कसं म्हणायचं त्याला?

मग मी उठून काउंटरला गेले. मालक इथलाच. चांगलं मराठी बोलतो, कानडीही बोलतो. त्याला म्हटलं, "भाकरी का ठेवत नाही हो?" तर हसून काय म्हणावं त्यानं? "अहो काकू, भाकरी काय, घरी रोज खाताच की. हॉटेलात येऊन भाकरी कोण मागतंय? चालत नाही ते."

घरी रोज खाताच की!

अरे बाबा, घरी रोज खातो ती भाकरी आकाशातून पडते काय? ती मी थापते. पाण्याला उकळी आणायची, पीठ चटके सोसत मळायचं, परातीत थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, मग आचेवर धरून फुगवायची. माझी एक भाकरी खाली उतरेपर्यंत पहिली संपलेली असते. सगळ्यांचं झालं की मी शेवटी बसणार आणि माझ्या वाट्याला येणार गार झालेली, वातड. आणि याच्या मते मला हॉटेलात भाकरी मागायचा हक्कच नाही, कारण घरी मिळते. मग पनीरही घरी करता येतं की! नूडल्स तर दोन मिनिटांत होतात म्हणे!

खरं कारण मला माहीत आहे, आणि त्यानेही ते सरळ सांगितलं असतं तर मी एवढी चिडले नसते. नानाचं पीठ मैद्याचं. सकाळी मळून गोळे करून ठेवले की एक माणूस तंदूरसमोर उभा राहून अख्खं हॉटेल जेवू घालतो. ज्वारीला तसला चिकटपणा नाही. पीठ मळून ठेवता येत नाही, जुनं पीठ विरी जातं, थापताना चिरा पडतात. ताजं दळण हवं आणि हात असलेली बाई हवी. म्हणजे तिला पगार द्यायला हवा. तिथे गाडी अडते. एका तंदूरवाल्याच्या जोडीला दोन बायका ठेवायला नकोत, म्हणून "चालत नाही".

आणि जे चालतं ते काय असतं? आमच्या गल्लीतला एक पोरगा असल्याच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काही महिने होता, त्याने सांगितलेलं आहे. सकाळी तीन पातेली चढतात. एक लाल, टोमॅटोचं. एक पांढरं, काजूचं म्हणायचं आणि त्यात मगज वाटून घालायचे, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बिया. एक पिवळं, कांद्याचं. दिवसभर त्यातूनच डावानं काढायचं. लालमध्ये तिखट जास्त घातलं आणि वर तळलेली लाल मिरची ठेवली की व्हेज कोल्हापुरी. पांढरं आणि लाल मिसळलं की पेशावरी. हिरवी पेस्ट घातली की हैदराबादी. कोल्हापूर इथून गाडीने दोन-अडीच तासांवर, तिथल्या माणसाला ही व्हेज कोल्हापुरी दाखवा आणि तो काय बोलतो ते ऐका.

गोबी मंच्युरियनचं तर बोलूच नका. इकडे लहान पोराच्या बारशापासून माणसाच्या निरोप समारंभापर्यंत गोबी. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि साखरेच्या कापसात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. त्याआधी राज्यभरातून गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यातले १०७ असुरक्षित निघाले, रंगामुळे. मग जूनमध्ये कबाबातल्या रंगावर बंदी आली. थोडे दिवस गोबी तपकिरी झाली होती. आता जाऊन बघा, कुठे कुठे परत कुंकवासारखी लाल आहे. पण ती "चालते".

इकडे मला हसू येतं आणि संतापही येतो तो वेगळाच. १९५६ पासून आपण इथे सीमेवरून भांडतोय. १ नोव्हेंबरला अर्धं गाव कर्नाटक राज्योत्सव करतं, अर्धं गाव काळा दिवस पाळतं. पाट्या कुठल्या, अक्षरं केवढी, यावरून गावात रणं माजतात. आणि त्याच संध्याकाळी दोन्हीकडचे लोक आपापली बायकापोरं घेऊन कुठे जातात? पनीर बटर मसाला खायला. भांडणाऱ्या दोघांच्याही घरी भाकरी, शेंगाचटणी, झुणका, अंबाडीची भाजी. दोघांच्याही घरी मटकीची उसळ. अंबाडीच्या भाजीला कानडी लोक पुंडी पल्ल्या म्हणतात, आम्ही अंबाडी म्हणतो, पण हॉटेलात दोघांनाही ती मिळत नाही. या एका बाबतीत कुठल्याच संघटनेचा मोर्चा निघालेला मी बघितला नाही.

"खानावळी आहेत की," असं म्हणणारे आत्ताच बोटं सरसावून बसले असतील. आहेत. मला माहीत आहेत. मार्केट यार्डाकडे आहेत, कोर्टाकडे आहेत, बस स्टँडच्या मागच्या बोळात आहेत. तिथलं जेवण एक नंबर, त्याबद्दल वाद नाही. ताटात गरम भाकरी, दोन भाज्या, कच्चा कांदा, मेथीची पानं, शेंगाचटणीवर दही. पण दुपारी तीनला झाकपाक होते, संध्याकाळी चूल थंड. बसायला लाकडी बाकडी, एकाला एक चिकटून. भिंतीकडे तोंड करून कामावरचे पुरुष खाली मान घालून जेवतायत. तिथे आठ माणसं, त्यात पंचाहत्तरीच्या सासूबाई आणि दोन पोरं घेऊन कुठे बसू? आणि बाईमाणसाला हात धुवायला, बाकीच्या गोष्टींना धड जागा नाही. तिथली मालकीणबाई थकली, पोरगा पुण्याला कंपनीत गेला, की ती खानावळही गेली. जागेवर मोबाईलचं दुकान येतं.

दुसरी एक नवी जात निघालीय, हायवेला. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर कंदील, वाढप्यांच्या डोक्याला फेटे, आणि "उत्तर कर्नाटक थाळी". तिथे गेलो होतो एकदा हौसेने. भाकरी आली ती कडक, पापडासारखी. आता कडक भाकरी ही आमचीच गोष्ट आहे, प्रवासाला, शेतावर, आठवड्याच्या आठवडे टिकते, पोरं होस्टेलला जाताना डबाभर देतो आम्ही. दह्यात चुरून खाल्ली तर झकास. पण ती पाकिटातून काढून, तव्यावर नुसती दाखवून "गरम ज्वारी रोट्टी" म्हणून वाढायची? साडेतीनशे रुपयांना? आणि एण्णेगाईत साखर! गूळ समजू शकते मी, चवीपुरता घालतातच. ही सरळ साखर होती. का, तर म्हणे बाहेरच्या लोकांना तिखट सोसत नाही. बाहेरचे लोक तिखट खायलाच आलेत की इकडे! ब्याडगीचा रंग आणि लवंगीचा झटका सोडून तुम्ही त्यांना काय देणार, शिरा?

२०२३ साली सगळ्या जगानं भरडधान्य वर्ष साजरं केलं. भाषणं झाली, ज्वारी-बाजरीच्या रांगोळ्या काढल्या, ज्वारीची बिस्किटं वाटली. अथणी, सौंदत्ती, गोकाककडची काळी जमीन ज्वारी पिकवते, जिल्हा आमचाच. ती ज्वारी आमच्या शहरातल्या हॉटेलच्या दारापर्यंत येऊन आत काही शिरत नाही.

पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्याला जा. खानापूरच्या जंगलातल्या बायका पानांवर अळंबीचे वाटे लावून रस्त्याकडेला बसतात. भाव विचारला की डोळे पांढरे होतात, तरी लोक गाड्या थांबवून घेतात, कारण ती भाजी वर्षातून मोजकेच दिवस. मटणाला मागे सारणारी भाजी. त्याच दिवसांत, त्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या हॉटेलांत "मशरूम मसाला" मागा. पांढरी बटणं येतात, पुठ्ठ्यासारखी, त्याच लाल पातेल्यातून. आमच्या भाज्या आणि मिरच्या चोर्ला घाटातून रोज गोव्याला जातात, गोव्याचे लोक आमच्या भाजीवर जेवतात, आणि आम्ही काय खातो? मिक्स व्हेज. त्यातला मटार गोठवलेला.

भाताचीही तीच कथा. बेळगावचा बासमती म्हणून एक तांदूळ होता, आहे, शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला. शिजायला लागला की शेजारच्या घरात कळायचं. आता ज्या शिवारात तो पिकतो त्यातूनच हलगा-मच्छे बायपास काढलाय. उरलासुरला शेतकरी ओळखीच्यांना देतो. हॉटेलातला जिरा राइस कुठल्या गोणीतला असतो ते विचारू नका, वास तर जिऱ्याचाच.

मग पाहुण्याला बेळगावचं म्हणून काय मिळतं? कुंद्याचा, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईचा, बॉक्स. खडे बाजारात जायचं, अर्धा किलो बांधून घ्यायचा, गाडीच्या मागच्या सीटवर टाकायचा. कुंदा मला आवडतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण अख्ख्या गावाचं खाणं एका बॉक्सात भरून दिलं की आपलं काम संपलं, हे कुणी ठरवलं? मांडे तरी कुठल्या हॉटेलात ताटात आलेत? हातावर, कोपरापर्यंत पसरून केलेली ती पोळी, उलट्या खापरावर टाकलेली, आत पिठीसाखर, खसखस, वेलची. लग्नात रुखवतात दिसतात किंवा ऑर्डर देऊन करून घ्यायचे. बसलेल्या पाहुण्यापुढे गरम मांडा ठेवणारं एक हॉटेल मला दाखवा, मी माझ्या खर्चाने तुम्हाला तिथे जेवू घालते.

महालक्ष्मीची यात्रा लागली की आमच्या खेड्यांत प्रत्येक घरी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर पाहुणे जेवतात. ओळखीचा, ओळखीच्याचा ओळखीचा, सगळे. तेव्हा कुणी म्हणत नाही, भाकरी चालत नाही म्हणून. बायका रात्रभर थापतात आणि टोपल्याच्या टोपल्या संपतात.

तर मालक लोकहो, एवढंच करा. रविवारी आणि सणासुदीला, संध्याकाळी, कोपऱ्यात एक चूल नाहीतर गॅसची शेगडी मांडा. दोन बायका ठेवा, त्यांना तंदूरवाल्याएवढा पगार द्या, त्याहून कमी नाही. भाकरीला नानाएवढे पैसे लावा, मी देते, कुरकुर करत नाही. एक भरलं वांगं, एक पातळ भाजी, शेंगाचटणी, लोण्याचा गोळा. लोणी इथलं, डब्यातलं पिवळं नको. पेशावर कार्डावर राहू दे, त्याला माझी ना नाही.

आणि "काकू, तुम्हीच का नाही काढत खानावळ?" असं जो कुणी विचारणार आहे, त्याला आधीच सांगते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बिनपगारी खानावळच चालवतेय. मला आता बसून जेवायचंय.