चेक इंजिनचा दिवा लागला? आधी पाकीट काढा

घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या सिग्नलला, डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला की घाबरू नका. आम्ही नुकतेच त्यातून तावून सुलाखून निघालोय, तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

सर्वांत आधी बॅटरीचं टर्मिनल काढा आणि थोड्या वेळाने परत लावा. दिवा गेला! बऱ्याच गाड्यांत त्याबरोबर साठवलेला बिघाडाचा कोडही जातो, दोष आला त्या क्षणाची नोंदही जाते. पुढच्या माणसाला डोकं चालवायला काही उरत नाही, बिचाऱ्याचे कष्ट वाचतात.

सोसायटीतल्या काकांना जरूर विचारा. ते ‘पेट्रोल भेसळीचं आहे’ म्हणतील.

मग गॅरेज गाठा. स्कॅनरवर पी ०११८ असा कोड येईल. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त येतंय, एवढाच त्याचा अर्थ. सर्किटमध्ये सेन्सर आला, वायरी आल्या, कपलर म्हणजे जोडणीचा प्लग आला, ईसीएम म्हणजे इंजिनचा कंप्युटरही आला. पण इतक्या खोलात कोण जातं? ‘साहेब, सेन्सर गेला’ म्हटलं की मान डोलवायची. नवा बसवूनही दिवा लागला तर ‘पीसच खराब निघाला’ म्हणत दुसरा बसवतील. इलेक्ट्रिकल पार्ट रिटर्न होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मग थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप. त्याचा वायरिंगच्या कोडशी काय संबंध, असं विचारू नका. तो शेजारीच असतो, ‘खोललंच आहे तर करून घेऊ’.

तरीही दिवा जात नसेल तर ईसीएम. त्याची किंमत उभ्याने ऐकू नका.

आणि हो, स्कॅनरवर लाइव्ह डेटा नावाचं एक पान असतं, तिथे चुकूनही बघू नका. आम्ही बघितलं. कूलंटचं तापमान: उणे ४० अंश! वागळे इस्टेटमधली पत्र्याची शेड, बॉनेटवर हात टेकवत नाही, रेडिएटरचा पंखा थांबायचं नाव घेत नाही, आणि स्क्रीनवर उणे ४०! रात्री गाडी काय सायबेरियात लावली होती? हा सेन्सर थंडीत रोध (रेझिस्टन्स) वाढवतो आणि गरम झाला की कमी करतो. वायर तुटली की रोध अमर्याद, म्हणून ईसीएमला कडाक्याची थंडी दिसते. उणे ४० दिसलं की आधी सर्किट कुठे तुटलंय ते शोधायचं असतं. तो आकडा चार माणसांनी पाहिला. चौघांपैकी एकालाही काही खटकू नये?

शेवटी तुर्भ्यातल्या एका वायरमनने इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नुसता हलवला. उणे ४०, लगेच ८८, परत उणे ४०. बॅटरीच्या ट्रेमागची टेप सोडवून पाहिली तर उंदराने कुरतडलेली वायर, आतलं तांबं हिरवं पडलेलं, दोन-तीन तारांवर लोंबकळत होती. त्याने खराब तुकडा कापला, नवा जोडून सोल्डर केलं, वर स्लीव्ह चढवली. दिवा गायब.

अरे गॅरेजवाल्या बाबांनो, व्होल्ट आणि रोध मोजणारा मल्टिमीटर काही शे रुपयांना मिळतो. किल्ली ऑन करा, सेन्सरचा कपलर काढा, दोन पिनांमध्ये पाचच्या आसपास व्होल्ट येतात का बघा. नाही आले तर वायर धरून मागे जा. आले तर त्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. स्क्रीनवरचा आकडा शंभराच्या वर उडाला तर वायरिंग ठीक, मग खुशाल सेन्सर बदला. याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. तुम्ही मात्र गिऱ्हाइकाच्या पैशांनी पार्ट बदलून बघता आणि त्याला रिपेअर म्हणता.

काढलेला मूळ सेन्सर मी मागून घेतला होता. घरी गरम पाण्यात धरला आणि मोजला. रोध अडीच हजार ओहमवरून सरळ तीनशेच्या घरात उतरला. धडधाकट पार्ट होता तो! आणि बिलात वर ‘डायग्नोसिस चार्ज’ लावलाय. कसला? कोणी, काय, कधी तपासलं होतं?